बोअर मारायचा की पंखा लावायचा?

पत्र

काका, नमस्कार.

आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टशेजारच्या ब्योब्लिंगेनजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी रांगेतलं टोकाचं घर घेतलं. १९७४ चं बांधकाम, १४० चौरस मीटर, खाली केलर (तळघर), वर छपराखाली एक खोली, प्लॉट ३१० मीटरचा. खिडक्या २००८ साली बदललेल्या आहेत. सगळीकडे रेडिएटर, फरशीखाली काही नाही. गॅसचा बॉयलर १९९९ चा, वर्षाला २१ हजार युनिटं (किलोवॅट-तास) गॅस जातो. हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात आणणारं यंत्र) बसवायचं ठरलंय, पण कुठला यावरून घरात महिनाभर वाद चाललाय.

नवरा लातूरकडचा. तो म्हणतो, "आमच्याकडे सहाशे फुटांचा बोअर रात्रीतून मारतात. इथं सत्तर मीटरला काय घाबरायचं? एकदा जमिनीत घातलं की पन्नास वर्षं बघायला नको." मला वाटतं, बाहेर पंख्याचं खोकं ठेवावं आणि मोकळं व्हावं. दोन कोटेशनं आलीत. हवेवरचा १४ किलोवॅटचा पंप, ३६ हजार युरो. जमिनीतला, ७० मीटरचे दोन बोअर धरून, ५४ हजार. जमिनीवाला म्हणतो, उणे दहाला हवेचा पंप म्हणजे नुसता विजेचा हीटर. हवेवाला म्हणतो, जमिनीत घालायचे ते पैसे पाण्यात.

अजून एक. सासूसासरे जूनमध्ये येतात. गेल्या वर्षी वरच्या खोलीत ३३ अंश होते. सासरे म्हणाले, "लातुरात निदान कूलर तरी असतो." तेव्हा गारव्याची सोयही याच खर्चात व्हावी अशी इच्छा आहे.

— एक वाचक

उत्तर

नमस्कार. महिनाभर वाद चाललाय म्हणता, म्हणून निकाल आधी सांगतो, कारणं मागाहून. तुमच्या घरासाठी हवेवरचा पंप घ्या. १४ किलोवॅटचा मात्र नको. आणि गारव्याची आशा त्या पंपाकडून धरू नका, त्याची सोय वेगळी आणि स्वस्तात होते.

हे सांगणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात जमिनीतला पंप आहे, हेही लगेच सांगून टाकतो, म्हणजे तुमचे यजमान मला हवेवाल्यांचा माणूस समजणार नाहीत. मी कार्ल्सरूहला राहतो. घर बांधतानाच फरशीखाली नळ्या टाकल्या होत्या, खाली ऱ्हाइनच्या मैदानातली वाळू-खडी, अंगण मोकळं, बोअरची रिग सरळ आत आली. बाहेर ३६ अंश असताना माझ्या घरात अनवाणी पायांना फरशी गार लागते, आणि त्यासाठी एक छोटा फिरता पंप सोडला तर काहीच चालत नाही. मी त्या पंपावर खूश आहे. पण माझं घर तुमचं घर नाही, आणि मुख्य म्हणजे माझी जमीन तुमची जमीन नाही.

दोन्ही पंप आतून एकच. फ्रिज आतल्या दुधाची उष्णता काढून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. हीट पंप बाहेरची उष्णता काढून घरात सोडतो. फरक एवढाच की एक ती हवेतून उचलतो, दुसरा जमिनीतून. जमिनीत दहा-पंधरा मीटर खाली गेलं की इथे बारा महिने दहा अंशांच्या आसपास तापमान असतं, आणि पुढे दर शंभर मीटरला साधारण तीन अंशांनी वाढत जातं. हवा मात्र जानेवारीत उणे दहा आणि जुलैत पस्तीस. विहिरीतून पाणी शेंदायचं झालं तर पाणी जितकं वर तितके कष्ट कमी, तसंच हे. दहा अंशांवरून पन्नासवर न्यायला कमी वीज लागते, उणे पाचावरून न्यायला जास्त. इथवर जमिनीवाला विक्रेता खरं बोलतो.

तुमच्या यजमानांच्या बोअरबद्दल मात्र जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण तो शब्द एक असला तरी वस्तू दोन आहेत. लातूरच्या बोअरमधून आपण पाणी बाहेर काढतो. काळ्या पाषाणात भोक पाडायचं, भेगेतलं पाणी लागलं तर नशीब, नाही लागलं तर शेजारी दुसरं भोक. इथल्या बोअरमधून काहीच बाहेर येत नाही. त्यात इंग्रजी यू अक्षरासारखी वळवलेली प्लास्टिकची नळी सोडतात, तिच्यातून न गोठणारं पाणी खाली जातं, जमिनीची ऊब घेऊन वर येतं. नळी आणि भोकाची भिंत यांच्यामधली सगळी जागा सिमेंट आणि बेंटोनाइट मातीच्या लगद्याने तळापासून वरपर्यंत बुजवावी लागते. हे बुजवणं हाच त्या कामाचा जीव. जमिनीखाली थर असतात. एका थरात पाणी, दुसरा कोरडा, मधे चिकणमातीचा पडदा. तुम्ही भोक पाडलंत की तो पडदा फाटतो. नीट बुजवलं नाही तर वरचं पाणी खाली उतरतं, किंवा दाबाखालचं खालचं पाणी वर चढतं, आणि जिथे लाखो वर्षं पाणी पोचलं नव्हतं तिथे ते पोचतं.

तसं पोचलं की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आहे. फ्रायबुर्गच्या दक्षिणेला श्टाउफेन नावाचं टुमदार जुनं गाव आहे. तिथल्या ऐतिहासिक नगरपालिकेच्या इमारतीला जमिनीतल्या उष्णतेवर गरम-गार करायचं ठरलं. हेतू उत्तम होता. सप्टेंबर २००७ मध्ये १४० मीटरपर्यंत सात बोअर मारले. खाली अ‍ॅनहायड्राइटचा थर होता, म्हणजे पाणी नसलेलं जिप्सम. पाणी तिथे शिरलं आणि त्याचं जिप्सम होऊ लागलं. आपल्याकडे घर रंगवताना चुनकळी पिंपात टाकून वर पाणी ओततात तेव्हा ती कशी फुगते ते आठवा. तिथलं फुगणं त्या मानाने फारच संथ, पण थांबायला तयार नाही. काही महिन्यांतच भिंतींना तडे दिसू लागले. सुरुवातीला महिन्याला सेंटिमीटरभर जमीन वर येत होती, आजवर काही जागी अर्ध्या मीटरहून जास्त आली आहे. अडीचशेहून अधिक इमारतींना तडे गेले. 'श्टाउफेन तुटता कामा नये' अशी घोषणा गावाने स्वतःच्याच भिंतींवर लावली. मी त्या बाजाराच्या चौकात उभा राहून एका भिंतीतल्या भेगेत चार बोटं घालून पाहिली आहेत. इंजिनियर असल्याची लाज वाटावी असे क्षण आयुष्यात थोडे येतात, तो त्यातला एक.

आता तुमच्या घराकडे येतो. तुमच्या ब्योब्लिंगेनमध्येही हेच झालंय. तिथेही उष्णतेसाठी मारलेल्या बोअरांनंतर जमीन वर आली आणि कितीतरी घरांच्या भिंती फाटल्या. शेजारच्या कुणालाही विचारा, आठवण ताजी आहे. तुमच्या बाजूच्या जमिनीत जिप्सम-अ‍ॅनहायड्राइट आहे, हे गुपित नाही. म्हणूनच या राज्यात नंतर नियम कडक झाले: असा थर लागला की बोअर तिथेच थांबवायचा, खाली जायचं नाही. शिवाय स्टुटगार्टच्या खनिज झऱ्यांचं संरक्षित क्षेत्र आजूबाजूला पसरलेलं आहे, त्याचे निर्बंध वेगळे. राज्याच्या भूगर्भ कार्यालयाचा, म्हणजे फ्रायबुर्गच्या एल-जी-आर-बीचा, 'इझोंग' नावाचा नकाशा इंटरनेटवर फुकट बघता येतो. त्यात तुमच्या प्लॉटवर बोट ठेवलं की किती मीटरपर्यंत परवानगी मिळण्याजोगी आहे, खाली कोणते धोके आहेत, हे दिसतं. जमिनीवाल्या विक्रेत्याने ७० मीटरचे दोन बोअर लिहून दिले, तेव्हा त्याने हा नकाशा पाहिला होता का, हे त्याला विचाराच. उत्तर देताना तो किती वेळ घेतो त्यावरून बरंच कळेल.

समजा, नकाशा म्हणाला की पस्तीस-चाळीस मीटरच्या खाली जाऊ नका. मग हिशेब असा होतो. तुमच्या घराला कडाक्याच्या थंडीत साडेआठ किलोवॅटच्या आसपास उष्णता लागेल (हा आकडा कुठून आला ते पुढे सांगतो). त्यातला चौथा हिस्सा विजेतून येतो, उरलेली साडेसहा किलोवॅट जमिनीतून ओढायची. एक मीटर बोअरमागे ढोबळमानाने पन्नास वॅट धरतात, म्हणजे एकूण १३० मीटर लागणार. सत्तरचे दोन मारले असते तर झालं असतं. चाळीस-चाळीसचे मारायचे तर सव्वातीन, म्हणजे चार. दोन बोअरांत निदान सहा मीटर अंतर हवं, नाहीतर ते एकमेकांच्या ताटातलं खातात आणि जमीन वर्षागणिक गार होत जाते. कुंपणापासूनही अंतर सोडायचं. ३१० मीटरच्या प्लॉटमधून घर, गाडीची जागा आणि पुढचा रस्ता वजा करा आणि कागदावर हे चार ठिपके मांडून बघा. मी मांडून पाहिले, तीन बसतात, चौथा तुमच्या शेजाऱ्यांच्या गुलाबांत जातो.

बोअर नको, नळ्या आडव्याच पसरू म्हणाल, तर त्या दीड मीटर खोल, घराच्या क्षेत्रफळाच्या दीड ते दोन पट जागेत पसरतात. तेवढं अंगण तुमच्याकडे नाही. तो विषय इथेच सोडू.

पैशांचं बघू. या बाबतीत दोन्ही विक्रेत्यांनी एक गोष्ट तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. सरकारी केएफडब्ल्यू बँकेचं अनुदान खर्चाच्या टक्केवारीत मिळतं, पण एका घराला जास्तीत जास्त ३० हजार युरोंच्या खर्चावरच. मूळ ३० टक्के. स्वतः राहत्या घरातला वीस वर्षांहून जुना गॅस बॉयलर काढताय म्हणून आणखी २०. आणि जमिनीतल्या पंपाला किंवा प्रोपेनसारखं नैसर्गिक शीतक (पंपाच्या आत फिरून उष्णता वाहून नेणारा पदार्थ) असलेल्या पंपाला आणखी ५. म्हणजे ५५ टक्के, १६,५०० युरो. प्रोपेनवाल्या हवेवरच्या पंपाला तेवढेच, जमिनीतल्यालाही तेवढेच, कारण दोन्ही कोटेशनं तिसाच्या वर आहेत. वरचे सगळे पैसे तुमच्या खिशातून. हवेवाला तुम्हाला १९,५०० ला पडतो, जमिनीवाला ३७,५०० ला. फरक १८ हजार. (हे मी लिहितोय तेव्हाचे नियम आहेत. बर्लिनमध्ये वारा बदलला की नियम बदलतात, तेव्हा अर्ज करताना पुन्हा बघा. आणि अर्ज मंजूर व्हायच्या आत कामाला हात लावू देऊ नका. करारात 'अनुदान मंजूर झालं तरच' ही अट लिहून घ्या, ती लागतेच.)

आता या अठरा हजारांच्या बदल्यात काय मिळतं? फ्रायबुर्गच्या फ्राउनहोफर संशोधन संस्थेने जुन्या, राहत्या घरांत बसवलेल्या पंपांची प्रत्यक्ष मोजणी केली आहे. २०२० मध्ये संपलेल्या त्या अभ्यासात हवेवरच्या पंपांनी वर्षाच्या सरासरीने एका युनिट विजेमागे ३.१ युनिट उष्णता दिली, जमिनीतल्यांनी ४.१. तुमचा २१ हजार युनिट गॅस त्या म्हाताऱ्या बॉयलरमधून जाताना सुमारे १८ हजार युनिट उष्णता देत असणार. हवेच्या पंपाला त्यासाठी ५,८०० युनिट वीज लागेल, जमिनीतल्याला ४,४००. फरक १,४०० युनिटांचा. हीट पंपाच्या वेगळ्या मीटरचा दर २८ सेंट धरला तर वर्षाला चारशे युरोंच्या आत. अठरा हजार भागिले चारशे. यजमानांना तोंडीच करू द्या हा भागाकार.

ते म्हणतील, बोअर पन्नास वर्षं टिकतो. टिकतो, शंकाच नाही. पण त्याला जोडलेला कॉम्प्रेसर वीस वर्षांत बदलावा लागतो, हवेवाल्याला लागतो तसाच.

उणे दहाला हवेचा पंप नुसता हीटर होतो, हे वाक्य मी गेली पंधरा वर्षं ऐकतोय. ते पंधरा वर्षांपूर्वीही पूर्ण खरं नव्हतं. उणे दहालाही चांगला पंप एका युनिटमागे दोनाहून जास्त देतो. बरं, आपल्या नेकार नदीच्या खोऱ्याच्या आसपास असे दिवस वर्षात किती येतात? खरी परीक्षा होते ती नोव्हेंबरच्या धुक्यात, दोन-तीन अंशांवर. हवा ओली असते, बाहेरच्या जाळीवर दव जमतं, त्याचा बर्फ होतो, आणि पंपाला मधूनच उलटं फिरून घरातली थोडी ऊब बाहेर नेऊन तो बर्फ वितळवावा लागतो. खोक्यातून वाफेचे लोट निघतात, नवे लोक घाबरून मला फोन करतात. घाबरू नका. फक्त वितळलेलं पाणी पायवाटेवर जाऊन तिथे त्याची काच होणार नाही, इतकी सोय करून घ्या. खाली खडीचा खड्डा काढला की झालं.

थंडीपेक्षा मला तुमच्या रेडिएटरांची जास्त काळजी आहे. कुठलाही पंप असो, त्याला किती गरम पाणी करायला लावता यावर त्याचं बिल ठरतं. पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवलं की विजेचा खर्च दोन-अडीच टक्क्यांनी वाढतो. सत्तर अंशांच्या पाण्यावर चालवलेला जमिनीतला पंप पंचेचाळिसावर चालवलेल्या हवेच्या पंपाकडून हरतो, आणि हे मी कागदावरून सांगत नाही. माझ्या घरात पहिल्याच हिवाळ्यात मीटर असा पळायला लागला की मला वाटलं वीज कुणीतरी चोरतंय. बसवणाऱ्याने पाण्याचं तापमान वीस अंश जास्त लावून ठेवलं होतं, वर आतला विजेचा हीटिंग रॉडही सुरूच. "कारखान्यातून असंच येतं," म्हणाला. मी स्वतः मेनूत शिरून दोन्ही बंद केलं. तोवर तीन महिने गेले होते.

तेव्हा कोटेशनवर सही करण्याआधी घरी एक परीक्षा घ्या. जानेवारीत चार-पाच दिवस सलग गोठवणारी थंडी पडेल. त्या वेळी आत्ताच्याच गॅस बॉयलरवर जाणाऱ्या पाण्याची कमाल मर्यादा ५५ अंशांवर आणा, सगळ्या रेडिएटरांच्या चाव्या पूर्ण उघडा, आणि दोन दिवस तसंच राहू द्या. ज्या खोल्या वीस अंशांवर राहिल्या त्या पास. तुमच्या घरात बहुधा बैठक आणि न्हाणीघर नापास होतील. तिथे जुने रेडिएटर काढून तीन पदरी मोठे लावा. नळ्या त्याच राहतात, भिंती फोडाव्या लागत नाहीत, आणि खर्च बोअरच्या पुढे किरकोळ. केलरच्या छताला खालून इन्सुलेशनच्या पाट्या चिकटवा. हे तर तुमचे यजमान दोन शनिवारांत स्वतः करतील, त्यांना तसंही काहीतरी ठोकायचंच आहे.

आता तो साडेआठचा आकडा. १८ हजार युनिटांना वर्षाच्या पूर्ण भाराच्या २,१०० तासांनी (पंप कायम पूर्ण जोरात चालला असता तर वर्षात लागले असते तेवढे तास) भागा, ८.६ येतात. इन्सुलेशन केल्यावर आणखी कमी. मग १४ किलोवॅट कशाला? कारण जास्त मोठा दिला की 'घर गरम होत नाही' अशी तक्रार विक्रेत्याकडे कधीच येत नाही. पण मोठा पंप सौम्य हवेत सतत चालू-बंद, चालू-बंद करत राहतो, कॉम्प्रेसर झिजतो, वीज जास्त जाते. पाच माणसांच्या घरात लग्नाचं पातेलं चुलीवर ठेवल्यासारखं ते. खोलीनिहाय उष्णतेचा हिशेब मागा. अनुदानासाठी सगळ्या रेडिएटरांत पाण्याची नीट वाटणी करून द्यावी लागतेच, तेव्हा तो हिशेब त्यांना करावाच लागणार आहे. आधी करा म्हणावं, म्हणजे पंप त्यावरून ठरेल.

शीतक प्रोपेनचं घ्या. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात ब्युटेनबरोबर असतो तोच हा वायू. पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत जवळजवळ निरुपद्रवी, पाणीही सत्तर अंशांपर्यंत तापवू शकतो, आणि ते वरचे पाच टक्के मिळवून देतो. जळाऊ आहे आणि हवेपेक्षा जड आहे, म्हणून बाहेरचं खोकं केलरच्या खिडकीशेजारी किंवा जाळीच्या खड्ड्याशेजारी ठेवता येत नाही. तुमच्या घराच्या मागच्या भिंतीला केलरच्या दोन खिडक्या असतील, रांगेतल्या घरांना असतातच, तेव्हा जागा आत्ताच टेपने मोजून ठेवा.

जागा ठरवताना शेजारीही मोजा. रहिवासी भागात रात्री शेजाऱ्याच्या खिडकीपाशी ४० डेसिबल, निव्वळ रहिवासी असेल तर ३५, याच्यावर आवाज जाता कामा नये. आजचे चांगले पंप हे पाळतात, पण दोन भिंतींच्या कोपऱ्यात कोंबले तर आवाज घुमतो आणि पाळत नाहीत. टोकाचं घर घेतलंत हे बरं केलंत, मोकळी बाजू आहे. खोकं लावण्याआधी शेजाऱ्यांना केक घेऊन जा आणि कागदावर जागा दाखवा. जिना कुणी कधी झाडायचा याची पाटी दाराला लावणारा हा श्वाबियन मुलूख आहे. इथे आधी सांगितलेला आवाज कमी ऐकू येतो.

राहिला गारवा. यजमानांनी बहुतेक वाचलं असेल की जमिनीतला पंप उन्हाळ्यात जवळजवळ फुकट गार करतो. बरोबर वाचलंय, माझ्या घरात मी तेच उपभोगतो. खालचं बारा-चौदा अंशांचं पाणी वर आणून फरशीतून फिरवायचं, कॉम्प्रेसर बंदच. वर त्या उष्णतेने जमीनही हिवाळ्यासाठी पुन्हा ऊब धरते. एखाद्या कचेरीला, इस्पितळाला, जिथे हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा दोन्ही भरपूर लागतात, तिथे मी डोळे झाकून जमिनीतला सुचवेन. पण हे सगळं फरशी किंवा छतातल्या नळ्यांवर चालतं. रेडिएटरात थंड पाणी सोडलं तर एक म्हणजे तो खोली नीट गार करत नाही, त्याचं अंगच लहान. आणि दुसरं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसा त्याला घाम फुटतो, पाणी लाकडी फरशीवर ठिबकतं, भिंतीला बुरशी. हवेच्या पंपातही 'कूलिंग' असं बटण असतं, विक्रेता ते मोठ्या कौतुकाने दाखवेल. तुमच्या रेडिएटरांसाठी ते बटण नाही असं समजा.

वरच्या खोलीत ३३ अंश होतात ते छपरामुळे आणि छपरातल्या खिडकीमुळे. तेव्हा आधी त्या खिडकीला बाहेरून रोलाडेन (गुंडाळता येणारी पट्ट्यांची झडप) लावा. आतला पडदा उपयोगाचा नाही. ऊन काचेतून आत आल्यावर पडदा त्याचं काय करणार? मग छपरात लाकूडतंतूंचं इन्सुलेशन. ते जड असतं, दुपारची उष्णता आत पोचायला रात्र होते, तोवर खिडक्या उघडून टाकता येतात. एवढ्यानेही सासऱ्यांचं समाधान झालं नाही, तर त्या एका खोलीत अडीच किलोवॅटचा साधा स्प्लिट एसी. लातुरात बसवतात तोच. इथे मात्र शीतकाचं काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावं लागतं. तोही हवेवरचाच हीट पंप आहे, हे लक्षात घ्या. एप्रिलच्या किंवा ऑक्टोबरच्या गारठ्यात तेवढी एकच खोली ऊबदार करायला उलटा चालवता येतो. तीन गोष्टी मिळून त्या वाचलेल्या अठरा हजारांतला थोडाच भाग जाईल. पुढेमागे छपरावर सोलर घातलं तर जूनच्या दुपारी तो एसी उन्हावरच चालेल.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीत, पण मराठवाड्याचा माणूस बोअरचा विषय काढतो तेव्हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग गावाकडच्या घराला असा जमिनीतला एसी करता येईल का?" करता येतो, करू नये. जमिनीचं खोलवरचं तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास असतं. इथे ते दहा आहे, लातूरकडे पंचविशीच्या पुढे. त्यातून फुकट गारवा मिळत नाही, कॉम्प्रेसर चालवावाच लागतो. तिथे फक्त गार करायचं असतं, हिवाळ्यात ती उष्णता परत कुणी काढून घेत नाही. म्हणजे वर्षानुवर्षं एकाच जमिनीत उष्णता कोंबत राहायची, दरवर्षी ती थोडी आणखी तापणार आणि दरवर्षी एसीला थोडे जास्त कष्ट. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे दोनशे मीटर भोक पाडायची ऐपत असेल तर ते पाण्यासाठी पाडावं, किंवा त्या पैशात छताला पांढरा रंग, सावली आणि एक चांगला इन्व्हर्टर एसी घ्यावा.

यजमानांना अगदीच राहवत नसेल तर इझोंगचा नकाशा आज रात्री दोघांनी मिळून उघडा. तो लाल रंग दाखवेल की हिरवा, मला ठाऊक नाही. पण हिरवा दाखवला, सत्तर मीटरला हरकत नाही असं निघालं, आणि अठरा हजार जास्तीचे घालूनही बोअरच हवा असं दोघांना वाटलं, तर कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या: बुजवण्याच्या लगद्याची मोजणी करून अहवाल देणार, जिप्सम-अ‍ॅनहायड्राइटचा थर लागला तर थांबणार आणि न मारलेल्या बोअरचे पैसे परत करणार, आणि नुकसान झालं तर चूक कुणाचीही असो, भरपाई देणारा विमा. लांडराट्सआम्टची, म्हणजे जिल्हा कार्यालयाची परवानगी तुमच्या नावावर असते, कंपनीच्या नाही. तडे गेल्यावर शेजारी तुमच्या दारात येतील.

जानेवारीची परीक्षा झाली की खोल्यांची तापमानं कळवा. बैठकीचा रेडिएटर किती लांब आहे तेही मोजून पाठवा, मी मापं सांगतो.